ब्राऊन बेल्ट आणि बाल्या डान्स

माझ्या ब्राऊन बेल्टची वाट कशी लागली, ते सांगितलंच नाही ना तुम्हाला? मरोळचे आमचे कराटेचे सर सारखे म्हणायचे, "माझी कॉपी करू नका रे, स्वतःची स्टाईल काढा." आता लहानपणापासून दर गणपतीला कोकणात गावी गोल फेर धरून बाल्या डान्स नाचलेला मी, माझे पाय दुसरं काय काढणार? परीक्षेच्या फाईटमध्ये गोल फिरता फिरता मी गिरकी घेतली, तर समोरच्या कांजूरमार्गच्या भिडूनेही तश्शीच घेतली!

"गाव कुठलं रे?" मी विचारलं.

"गुहागर. तुझं?"

"चिपळूण!"

मग काय, दोघंही तालात. बघणारे टाळ्या वाजवायला लागले. सर ओरडले, "अरे, मारा ना कोणीतरी!"

भिडू नाचता नाचताच म्हणाला, "थांबा ना सर, फेरा तर पुरा होऊ दे!"