दुसरी चौकट

आदरणीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, मंचावरील मान्यवर, वॉर्डांतल्या सिस्टर, दुरुस्ती खोलीतले माझे सोबती आणि आज निवृत्त होणाऱ्या आमच्या बाई, सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. बाईंच्या हाताखाली एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाला ती कशी पुरायची? तरी बघतो.

दोन वर्षांपूर्वी कामाची वही बंद करून नोंदी मोबाइलवर घ्यायचं ठरलं. ॲप निवडायचं काम बाईंनी मला दिलं. मी खेड्यातल्या शाळेत पाटीवर शिकलेला. हुरळून जायला कितीसा वेळ लागणार? एकात रंगीत पट्ट्या, एकात घंटी, एकात कॅलेंडर. दर आठवड्याला नवं ॲप, आणि सगळ्या नोंदी पुन्हा त्यात उतरवायच्या. शेवटी बाई म्हणाल्या, "अहो, तुमचा संसार थाटून झाला की यंत्रांकडेही बघा जरा."

मी एक निवडलं. खूण केली की ओळ आपोआप नाहीशी. पान कसं स्वच्छ!

पण आमच्या खोलीची रीत अशी, की काम हातात घेतलं की खूण करायची आणि पूर्ण झालं की ओळ खोडायची. बाळांच्या वॉर्डातली, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उबेत ठेवायची काचेची पेटी दुरुस्तीला आली. मी सवयीने खूण केली, ओळ गेली आणि पेटी कोपऱ्यात चादरीखाली राहिली. तिसऱ्या दिवशी सिस्टर दारात. "दादा, पेटी दुरुस्त करताय की नवी घडवताय? आठव्या महिन्यातच जन्मलेलं बाळ आलंय. ठेवू कुठे?"

दुसरीकडून पेटी येईपर्यंत पाऊण तास ते बाळ आईच्या उराशी होतं. तेवढ्या वेळात जिन्याखाली उभा राहून मी देवाकडे काय मागितलं, ते त्यालाच ठाऊक. त्याने ऐकलं. बाळ सुखरूप राहिलं.

माझी नोकरी मात्र जाणार होती. अध्यक्षसाहेब, चौकशीला आपणच होतात. बाई आपल्याला म्हणाल्या, "खुणेची पद्धत माझी आहे. चूक माझ्या नावावर लिहा." पद्धत त्यांची होती, साहेब, पण ॲप मी निवडलं होतं. त्यांची बढती थांबली आणि मी गप्प बसलो. आज सांगतोय. बाई, डोळे वटारू नका.

त्यानंतर आम्ही सगळ्यांत साधं ॲप घेतलं. त्यात ओळ कधीच नाहीशी होत नाही. प्रत्येक कामापुढे दोन चौकटी: 'घेतलं' आणि 'पोचलं'. दुसरीत खूण करायची ती ज्याचं यंत्र असेल त्यानेच. हा नियम बाईंचा.

आज सकाळी देवापुढे हात जोडून झाल्यावर मी मोबाइलवर लिहिलं, 'बाईंचे आभार मानणे.' पहिल्या चौकटीत खूण केली आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. वेळ जास्त घेतला असेल, काही कमीजास्त बोललो असेन, तर पोटात घाला. दुसरी चौकट भरायचा अधिकार मला नाही.

बाई, चष्मा आहे ना जवळ?