घरातला आवाज

चिंचवडच्या दवाखान्यात अनुया आईच्या रिपोर्टची वाट पाहत बसली होती. मागच्या बाकावर एक वयस्कर जोडपं होतं. नवरा मोबाइलवरून हिब्रू शिकतो, हे एव्हाना सगळ्या खोलीला कळलं होतं.

“रूथ, बायबलातल्या स्तोत्रांत आपण ‘जीव’ वाचतो ना, तिथं मूळ शब्द आहे नेफेश. नेफेश म्हणजे आधी घसा.”

“घसा?”

“हो. तहान लागते तो, श्वास जातो तो. ‘जीव तहानला’ असं लिहिताना स्तोत्र रचणाऱ्याला आधी घशाची कोरडच आठवली असणार.”

“आणि उद्या डॉक्टर माझा तोच कापणार.”

“सगळा नाही गं. गाठ तेवढी काढणार.”

“आवाज जाईल म्हणालेत ना? लपवू नका.”

“जाऊ शकतो, म्हणालेत.”

“मग संध्याकाळच्या प्रार्थनेला गाणं कोण म्हणणार?”

“तू नुसती बस माझ्याजवळ. देव कोरड्या घशाचंही ऐकतो.”

“तो ऐकेल हो. पण मला काहीतरी ऐकू यायला नको का? तुम्ही गा.”

“मी? आयुष्य चाकणच्या कारखान्यात प्रेस मशीनवर गेलं माझं. लग्नापासून तूच मला बेसूर म्हणून गप्प करत आलीस.”

“बेसूर आहातच. म्हणून आत्ताच गा, माझा आवाज आहे तोवर. चुकलात तर सांगता तरी येईल.”

मागून एक घोगरा सूर अडखळत निघाला. काउंटरवर आईचं नाव पुकारलं, तरी अनुया उठली नाही.

“वर घ्या, अहो. अजून थोडं वर.”