विरजण मागायला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या नागरिक मंडळाचे आधारस्तंभ श्री. आकाराम मोहिते, खास दिल्लीहून आलेले प्रमुख पाहुणे, परराष्ट्र खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि साताऱ्याचे सुपुत्र श्री. शंभूराज कणसे, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती श्री. उदयसिंह सूर्यवंशी; पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मातोश्री बनुबाई; आणि सांगलीहून, पलूसहून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

माझ्या आधी चार वक्ते बोलले. चौघांनीही उदयसिंहांच्या उज्ज्वल कारकिर्दीचा गौरव केला. पलूसच्या एका सैनिकाचा मुलगा परदेशातल्या आपल्या दूतावासात दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी झाला, याचा अभिमान मलाही आहे. पण हा माणूस निवृत्तीला आठ महिने शिल्लक असताना सामान बांधून घरी कसा आला, हे चौघांपैकी एकानेही सांगितलं नाही. हार घालताना माणसाची मान दिसते, तिच्यावरचा वळ दिसत नाही का?

तो वळ आज मी दाखवणार आहे. उदयसिंहांची परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, "बोला जीनतमावशी, आता मला आणखी कुठून परत बोलावणार?"

मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगते. मी जीनत नदाफ. माझ्या वडिलांची हळदीची पेढी होती आणि बनुबाईंच्या घरची हळद वर्षानुवर्षं आमच्याकडे यायची. पाचगणीच्या एका कॉन्व्हेंट शाळेच्या वसतिगृहात माझं शिक्षण झालं. पुढे निवृत्त होईपर्यंत विमा कंपनीत दावे तपासले. त्यामुळे काहीही न सांगता सभ्य वाक्य कसं लिहितात, हे मला चांगलं कळतं. तसली वाक्यं मी पोटासाठी लिहिली आहेत.

आता मूळ गोष्ट. वसतिगृहात आमच्या कपड्यांवर धोब्यासाठी आकडे शिवलेले असत आणि आम्ही एकमेकींना त्या आकड्यांनीच हाका मारायचो. माझ्या शेजारच्या खाटेवर एकोणीस होती. शेजारच्या देशातली मुलगी. कोणत्या देशातली, ते सांगणार नाही. मघाशी चहा घेताना अध्यक्षांनी हात जोडून विनंती केली, "मॅडम, नाव तेवढं घेऊ नका, पाहुणे दिल्लीचे आहेत." अध्यक्षांच्या शब्दाबाहेर मी नाही. आपल्याला शेजारी पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी विरोधी पक्षाचा नेता पहिल्यांदा निवडणुकीत दिसतो आणि दुसऱ्यांदा कोठडीत. ज्याला जो देश हवा, तो त्याने घ्यावा.

एकोणीसचं आमच्या नन्सशी कधी जमलं नाही. शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा. आम्ही मराठी मुली दंडाच्या भीतीने इंग्रजीत भांडायला शिकलो. ही मात्र स्वयंपाकघरात जाऊन बसायची आणि जावळीहून आलेल्या स्वयंपाकीणबाईंकडून मराठी शिकायची. तीही पुस्तकातली नाही, चुलीपुढची. "लय भूक लागली, आवं वाढा की" असं ती बोलायला लागली की आमची हसून पुरेवाट व्हायची.

कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पहाटेच्या काळोखात पाचगणीपर्यंत खाटा हलल्या. सगळ्या मुली अंगणात पळाल्या. मी बाहेर येऊन रडत होते, कारण माझा चष्मा उशीखाली राहिला होता आणि चष्म्याशिवाय मला माझा हातसुद्धा धड दिसायचा नाही. एकोणीसने हे ऐकलं आणि ती परत आत गेली. भिंतीचा गिलावा पडत होता. ती चष्मा घेऊन आली, माझ्या नाकावर बसवला आणि म्हणाली, "आता रड."

अशी ही मुलगी पुढे मायदेशी राजकारणात गेली, विरोधी पक्षाची नेता झाली. गेल्या वर्षी तिथे निवडणूक झाली आणि निकालानंतर तिला तिच्याच घरात कोंडलं. दारावर पहारा. वकील नाही, फोन नाही. तिचा मधुमेह जुना आहे, तो डोळ्यांत उतरलेला. दर महिन्याला डोळ्यांत इंजेक्शन घ्यावं लागतं. डॉक्टरांनाही मज्जाव.

मग जगभरातून प्रतिक्रिया आल्या. मी त्या कात्रणं काढावीत तशा वाचल्या. एका मोठ्या देशाने चिंता व्यक्त केली. दुसऱ्याने तीव्र चिंता व्यक्त केली. तिसऱ्याने सर्व संबंधितांनी संयम राखावा म्हटलं. सर्व संबंधितांनी! एक बाई खोलीत कोंडलेली आणि बाहेर बंदुका. त्यात बाईने नेमका कोणता संयम राखायचा होता? आणि आपण काय म्हटलं? कणसेसाहेबांना पाठच असेल. हा त्या देशाचा अंतर्गत प्रश्न आहे आणि आपण परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत.

ज्यांचे दोन्ही डोळे शाबूत आहेत, ते लक्ष ठेवून होते.

साहेब, हसू नका असं मी म्हणणार नाही. तुम्ही हसलेलाच नाहीत.

मी त्या दिवशी एस.टी. पकडून पलूसला गेले. बनुबाईंना म्हटलं, तुमचा मुलगा त्याच देशात आपल्या दूतावासात आहे, लावा फोन. त्यांनी लावला. उदयसिंह पडद्यावर आले, कोट-टायमध्ये. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला तेच वाक्य ऐकवलं. अंतर्गत प्रश्न आहे. ती भारताची नागरिक नसल्यामुळे आपल्याला तिच्याविषयी विचारण्याचा अधिकार नाही. एखादं कडक निवेदन काढलं, तर तिथलं सरकार तिलाच परदेशी हस्तक म्हणेल. मला राग आला तो याचा, की शेवटचा मुद्दा बरोबर होता.

तेवढ्यात मागून बनुबाई बोलल्या.

"आरं, मग इरजान मागाया तरी जा की."

इथे बसलेल्या बायकांना पुढचं सांगायला नको. पुरुषांसाठी आणि दिल्लीकरांसाठी सांगते. आमच्याकडे विरजणाला इरजान म्हणतात. शेजारच्या घरात नवरा बायकोवर हात उगारतोय असा आवाज आला, तर आळीतली बाई मध्ये पडत नाही. मध्ये पडली तर दार लागतं आणि आतल्या बाईला दुप्पट मार बसतो. ती वाटी घेऊन जाते, दारात उभी राहते आणि म्हणते, वहिनी, जरा विरजण द्या. झालं. दारात पाहुणी उभी असताना उगारलेला हात खाली घ्यावाच लागतो. आतली बाई बाहेर येते, तिचं तोंड दिसतं, काय झालंय ते कळतं. कोणी काही विचारत नाही. थोड्या वेळाने दुसरी बाई वाटी घेऊन जाते. आमच्या गल्लीत एका संध्याकाळी पाच जणी एकाच घरी विरजण मागायला गेल्या होत्या. त्या घरात दही लावतच नसत. त्या नवऱ्याला ते माहीत होतं आणि आम्हाला ते माहीत आहे, हेही त्याला माहीत होतं.

उदयसिंह आईला म्हणाले, "आई, हितं तसं चालत न्हाई." इंग्रजी, हिंदी आणि आणखी दोन भाषा येणारा हा माणूस आईशी बोलताना पलूसचाच होतो. बनुबाई म्हणाल्या, "चालत न्हाई कसं? तिथं काय दारं न्हाईत व्हय?" आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

मी काही आशा धरली नव्हती.

दिवाळी आली. आपल्या दूतावासातून तिथल्या सगळ्या पक्षांच्या नेत्यांकडे दिवाळीचा फराळ जातो. जुना रिवाज आहे. यादीत एकोणीसचं नाव होतं, कारण ते काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. एरवी फराळ पुठ्ठ्याच्या खोक्यातून शिपायाहाती जातो. उदयसिंहांनी तिचा फराळ स्टीलच्या डब्यात भरला आणि झेंडा लावलेल्या गाडीतून स्वतः घेऊन गेले. पहारेकऱ्यांनी डबा घेतला, यांना फाटकावरूनच वाटेला लावलं. हे निमूटपणे परत आले.

डबा का, ते कळलं ना? पुठ्ठ्याचा खोका कोणी परत मागत नाही.

आठवड्याने हे पुन्हा फाटकाशी. माझा डबा राहिलाय. पहाऱ्यावरचा अधिकारी म्हणाला, पाठवून देतो. हे म्हणाले, आमच्याकडे फराळाचा डबा घरच्या बाईच्या हातून परत घेतात, नाहीतर अपमान समजतात. मी थांबतो. आणि गाडी फाटकासमोर लावून बसले. भारताचा झेंडा लावलेली गाडी भर रस्त्यात उभी. येणारे-जाणारे बघायला लागले. समोरच्या गच्चीवर माणसं जमली. दुपार टळल्यावर वरून कोणाचा तरी फोन आला असावा. दार उघडलं आणि एकोणीस डबा घेऊन बाहेर आली. दोन्ही बाजूंना पहारेकरी. एक हात भिंतीवर ठेवून, चाचपडत आली.

हे तिथल्या भाषेत म्हणाले, मी भारतीय दूतावासातून आलोय, माझं गाव पलूस, सांगलीजवळ. तिने डबा पुढे केला आणि आभार मानावेत अशा सुरात, हसतमुखाने बोलली. बोलली ती आमच्या जावळीच्या स्वयंपाकीणबाईंच्या भाषेत.

"डावा डोळा गेला, बाबा. उजव्यानं वाईच दिसतंय. डाग्दराला येऊ देत न्हाईत."

दोन्ही पहारेकरी शेजारी उभे होते. त्यांना वाटलं, फराळाचं कौतुक चाललंय. उदयसिंहांनी वाकून नमस्कार केला आणि त्याच सुरात म्हणाले, "व्हय जी. बगतो."

ज्या भाषेसाठी तिला शाळेत दंड बसत होता, तिच्यातली ही तीन वाक्यं. डब्यात तिने चिमूटभर साखर घातली होती. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, हेही ती तिथेच, चुलीपुढे शिकली होती.

त्या आठवड्यात इतर देशांच्या दूतावासांतल्या मंडळींसोबत एक जेवण होतं. तिथे उदयसिंहांनी भाषण केलं नाही. पलूसच्या बायका शेजाऱ्याकडे विरजण मागायला कशा जातात, एवढीच गंमत सांगितली. मंडळी हसली. दोन दिवसांनी फाटकाशी दुसऱ्या झेंड्याची गाडी उभी राहिली. त्यांचं म्हणे एक पुस्तक बाईंकडे राहिलं होतं. मग तिसरी. युरोपातल्या एका देशाच्या बाई लोणच्याची कृती विचारायला गेल्या. तीव्र चिंता आणि साधी चिंता व्यक्त करणारे दोन्ही देश एकाच सकाळी आले आणि फाटकाशी त्यांची गाडी लावण्यावरून तक्रार झाली. कोणी निवेदन काढलं नाही, निषेधाचा शब्द उच्चारला नाही. सगळे वाटी घेऊन उभे. महिनाभरात तिथल्या सरकारने मानवतेच्या भूमिकेतून डोळ्यांच्या डॉक्टरांना आत जाऊ दिलं. डावा डोळा गेला तो गेला. उजवा वाचला.

आता तो वळ. तिथल्या सरकारने दिल्लीला विचारलं, हा अधिकारी कोणाच्या आदेशाने गेला होता? दिल्लीने उदयसिंहांना विचारलं. ते म्हणाले, आईच्या. हे उत्तर फाइलमध्ये बसलं नाही. त्यांना समज देण्यात आली आणि परत बोलावण्यात आलं. त्या पत्रावर सही कोणाची होती, ते मी विचारलेलं नाही. आज विचारणारही नाही. व्यासपीठावर एवढे हार आहेत, एखादा कोणाच्या तरी गळ्यात चुकून जाईल.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. वेळ संपली. दोन मिनिटं द्या.

उदयसिंह, त्या दिवशी फोनवर तुम्ही मला ते वाक्य ऐकवलंत, तेव्हा मी मनात तुम्हाला जे म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही. पण तुम्ही गेलात. एका माणसाने नोकरीची शेवटची वर्षं कशी काढावीत, याला यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. बनुबाई, तुमच्याविषयी बोलले तर तुम्ही उठून जाल, म्हणून बोलत नाही.

परंतु मंडळी, गोष्ट संपलेली नाही. उदयसिंह आले आणि त्यांच्या जागी आलेल्यांनी ते फाटक पाहिलेलंसुद्धा नाही. आपणच थांबलो म्हटल्यावर बाकीच्या गाड्याही यायच्या थांबल्या. डॉक्टरांचं येणं दोन महिन्यांपूर्वी बंद झालं. म्हणजे दोन इंजेक्शनं चुकली. उजव्या डोळ्याचं सध्या काय चाललं आहे, हे या सभागृहात कोणालाही माहीत नाही. परिस्थितीवर मात्र लक्ष आहेच.

शाल आणि श्रीफळ मंडळाने दिलं. मीही एक वस्तू आणली आहे, पण ती सत्कारमूर्तींसाठी नाही. कणसेसाहेब, ही तुमच्यासाठी. घ्या, संकोच करू नका. साधी स्टीलची वाटी आहे, बनुबाईंच्या घरातली. रिकामी आहे, कारण ती घेऊन तुम्हाला जायचं आहे. तुम्ही स्वतः जाऊ शकला नाहीत, तर कोणाला तरी पाठवा. निवेदन नको, चिंता नको, तीव्र तर अजिबात नको. दारात उभं राहायचं आणि विरजण मागायचं. तिला मराठी येतं, बाकी ती सांगेल.

लहानपणी ती माझ्यासाठी पडत्या भिंतीखाली गेली होती, चष्मा आणायला. माझ्याच्याने तिथवर जाववत नाही. माझ्या वतीने जाऊ शकणारा माणूस आज माझ्यापासून दोन खुर्च्यांवर बसला आहे आणि वाटी त्याच्या हातात आहे. साहेब, ती टेबलावर ठेवू नका, अशी माझी विनंती आहे.

मंडळाने मला बोलायला बोलावलं, अध्यक्षांनी दोन मिनिटांऐवजी सात मिनिटं सहन केली आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मनापासून आभार. माझ्या बोलण्यात अनवधानाने काही कमीजास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करावी. जे समजून उमजून बोलले, त्याची क्षमा मागत नाही. ते फक्त लक्षात ठेवावं.

नमस्कार.