चौथ्या प्रकरणातला खारा वारा

...नाही नाही, बसा हो सर, झेरॉक्सचं मशीन तापायला पाच मिनिटं लागतातच — आणि तुमची ती तोंडी परीक्षा चारला, आत्ता कुठे सव्वातीन होतायत. घाई कसली? दोन प्रती ना? देते की. मी वाचत नाहीये, नजर पडली नुसती. बरं, वाचतेय. अठ्ठावीस वर्षं लोकांचे प्रबंध टाइप करून बाइंड करतेय, हातात आलेला कागद न वाचता ठेवायचा म्हणजे बोटं दुखतात माझी. 'अमेरिकी समाज व संस्कृती अभ्यास विभाग. प्रबंध नामंजूर करण्याची शिफारस.' अगंबाई! परीक्षा व्हायच्या आधीच निकाल? आणि ही विद्यार्थिनी कोण? आमची धाकटी लेक! — हां, आता कसे दचकलात. बसा, बसा. पाणी देऊ?

मला ओळखलं नाहीत? साहजिकच आहे म्हणा. तेव्हा माझे केस काळे होते, आणि तुमचे — तुमचे होते. याच खुर्चीत बसला होतात, हातानं लिहिलेलं चौथं प्रकरण घेऊन — बाकीचा प्रबंध टाइप झाला होता. पाचच्या आत जमा करायचा होता. तुम्ही चहा प्यायला गेलात आणि मीही इथे चहा घेतला — माझा सांडला, एवढाच काय तो फरक. चौथं प्रकरण गेलं. नुसती निळी शाई वाहायला लागली! गव्हाच्या भावाची कोष्टकं होती त्यात, बरोबर? आता ती मी कुठून आणायची? तुम्ही रडला असतात हो. म्हणून मी म्हटलं, अमेरिकेतलं गहू पिकवणारं गाव आहे ना, मग तिथे एक पाववाल्याची विधवा असेल, ती आपल्या बहिणीला पत्रं लिहीत असेल. लिहिली. अकरा पत्रं. तुम्ही परत आलात तेव्हा बाइंडिंगचा डिंक ओला होता, उघडायची सोय नव्हती. तुम्ही तसाच उचलून पळालात.

आणि सुवर्णपदक मिळालं! कशाला? चौथ्या प्रकरणाला. तुम्हाला तर कळलंच असणार ना, की हे आपलं नाही? कळलंच. नाहीतर बावीस वर्षं समोरच्या फुटपाथनं कशाला गेला असतात? आज विभागाचं मशीन बिघडलं, शिपाई रजेवर, म्हणून पाय लागले. पण मी तुमचं सगळं वाचलंय हं. माझ्या नणंदेनं शिवणयंत्राची सुई नेली ती आजतागायत परत केली नाही — ते मी विधवेच्या शेजारणीवर ढकललं, आणि तुम्ही त्यावर तीस पानं लिहिलीत, 'नव्या वसाहतींतील स्त्रियांची परस्परावलंबी अर्थव्यवस्था'! मी नणंदेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बघ, मी नेली म्हणून अर्थव्यवस्था झाली. सुई तरीही दिली नाही.

तर आता आमच्या धाकटीनं तिच्या प्रबंधात काय शोधलं? खारा वारा. तिसऱ्या पत्रात विधवा कपडे वाळत घालते आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं ते चिकट होतात. धाकटी म्हणते, त्या गावापासून समुद्र हजार मैल, म्हणजे पत्रं खोटी. मला काय माहीत हो! समुद्र माझ्या दारात आहे, म्हणून मी तिच्याही दारात ठेवला. पण तुमच्या विभागात सहा प्राध्यापक — इतिहासवाल्यांना वाटलं भूगोलवाले बघतील, भूगोलवाल्यांना वाटलं साहित्यात चालतं, आणि साहित्यवाले म्हणाले वा, काय प्रतीक आहे! बावीस वर्षं ते कपडे चिकटच राहिले, कुणी विचारलं नाही.

तिला माहीत नाही ती पत्रं मी लिहिलीत ते. सांगितलंच नाही. तिनं स्वतःच्या डोक्यानं शोधलंय, तीन वर्षं खपलीय पोर — आणि खरं लिहिलंय. तुम्ही तिला नामंजूर करणार, कारण ती विधवा मेली तर तुमचं काय उरतं? नाही, धमकी नाही ही. चहाचे डाग पडलेली तुमची कोष्टकं मी जपून ठेवलीत, एवढं आपलं सांगितलं. वरच्या फडताळात आहेत. तुमच्या अक्षरातली.

हे घ्या कोरं पान. पेन आहे? — हां, तिथे 'मंजूर' लिहा. नीट लिहा, लांबून वाचता आलं पाहिजे. सुटले बाई!

थांबा, एक राहिलं. पान बासष्ट. ती लिहिते, 'पत्रं बनावट असून लिहिणाऱ्या व्यक्तीची कल्पनाशक्ती सामान्य आहे.' सामान्य! सर, मी जन्मभर दुसऱ्यांचंच टाइप केलं. त्या दुपारी पहिल्यांदा माझं स्वतःचं लिहिलं, आणि तुमची सहा माणसं बावीस वर्षं वाचत बसली. नवव्या पत्रात विधवा नवऱ्याचे बूट रोज पुसते, घालायला कुणी नसताना — ते वाचून तुमच्या साहित्यवाल्या बाई वर्गात रडल्या होत्या, मला मुलींनी सांगितलंय. माझ्या पोटच्या पोरीनं म्हणावं सामान्य? फार लागलं हो मला. तेवढं एक वाक्य काढायला लावा तिला. विचारा, कशावरून सामान्य? चांगलं घाम फुटेपर्यंत विचारा. आणि मग पास करा.

काय? नाही, प्रतींचे पैसे नकोत. निघा आता, ती बघा समोरून येतेय, आणि तुम्हाला इथे बघितलं तर — मागच्या दारानं जा. मागच्या!