आधी इंजिन, मग पाणी

नाव नोंदवहीत आहे. सगळे मला बाई म्हणतात. वय ६७ वर्षे. धंदा: शाळेत विज्ञान शिकवत होते, आता निवृत्त. राहणार: धक्क्यालगतच्या वॉटर स्कूटर दुरुस्तीच्या गॅरेजवरची माडी.

समक्ष हजर राहून जबाब देते की, खालचे गॅरेज माझ्या धाकट्या भावाचे आहे. वॉटर स्कूटर भाड्याने देणारा क्लबवाला आठवड्यापूर्वी एक अठरा वर्षांची जुनी स्कूटर घेऊन आला. ती भर पाण्यात बंद पडत असे. भावाने दोन्ही सिलिंडरचा दाब मोजला, तो सारखा भरला. दोष पेट्रोलच्या नळ्यांत निघाला. त्या आतून विरघळून हिरवा चिकटा कार्ब्युरेटरमध्ये साचला होता. भावाने नळ्या बदलल्या, कार्ब्युरेटर धुतला.

आज सकाळी साडेदहाला इंजिन जमिनीवर चालवून पाहायचे होते. पाण्याबाहेर ते तापू नये म्हणून त्याला नळ जोडतात. मात्र आधी इंजिन सुरू करायचे, मग नळ सोडायचा. उलट केले तर पाणी सिलिंडरमध्ये शिरते. हे भिंतीवर मी स्वतः वीतभर अक्षरांत रंगवले आहे. क्लबवाल्याला वाचता येते. भाऊ चावी आणायला आत गेला तेवढ्यात त्याने नळ सोडला. मी जिन्यावरून पाहिले. ओरडले नाही. वाटले, भाऊ पाहील.

भावाने बटण दाबले. टक् असा आवाज होऊन इंजिन अडकले. प्लग काढल्यावर भोकांतून पाणी आले.

"नळ कोणी सोडला?" एवढेच भावाने विचारले.

क्लबवाल्याने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. दोन दात पडले, ते या रुमालात आहेत. मग त्याचा उजवा हात टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात धरून दांडा फिरवला आणि म्हणाला, "इंजिन मी बिघडवलं असं लिहून दे, मिस्त्री." उजवा हात शिकंज्यात, आणि म्हणे लिहून दे. असा हा अकलेचा कांदा.

मी खाली पोचेपर्यंत हाडे मोडल्याचा आवाज दोनदा आला. सोडा त्याला, असे मी म्हणाले. "म्हातारे, वर जा," असे उत्तर मिळाले. भावाची शुद्ध हरपल्यावर क्लबवाला पाठ फिरवून इंजिनात डोकावू लागला.

मी शिकंजा उलटा फिरवून भावाचा हात सोडवला, फडक्यात गुंडाळला. नळ अजून वाहत होता, तो बंद केला. मग मोठा पाइप पाना उचलला. आधी क्लबवाल्याच्या गुडघ्यावर मारला. तो पडल्यावर डोक्यावर, दोनदा. तो अजून शुद्धीवर नाही असे येथे कळले.

भाऊ दवाखान्यात सांगतो आहे की पाना त्याने मारला. तो पाना दोन हातांनी उचलावा लागतो, आणि त्याचा एक हात साहेबांनी पाहिलाच आहे. खोटे बोलू नये हे कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी मला पट्टीने शिकवले; त्याला कोणी शिकवले नाही. लहानपणी त्याने फोडलेल्या काचा मी कधी माझ्या अंगावर घेतल्या नाहीत. त्यानेही हे घेऊ नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. हवालदारांनी "रागाच्या भरात" असे शब्द घातले होते, ते मी खोडायला लावले. नळ बंद केल्यावर आणि पाना उचलण्याआधी मी चष्मा पुसला होता.