नोल्फाचा सिंहपंजा

— नको, उलिसेस, आत नको, फाटकाशीच बोल. तुझी आई पलीकडच्या घरात चहाचं पाणी ठेवतेय, आणि भिंत पातळ आहे, मला सगळं ऐकू येतं — काल दुपारी तू बोललास तेही आलं. आई विसरते, तिला सांतियागोला नेतो, इथलं घर विकतो. विसरते म्हणे. मग रविवारी काय झालं? तू गाडी चालवतोयस, बायको शेजारी, मागे पोरांत तुझी आई नोल्फा आणि मी कोंबलेल्या. तुम्हाला घाई समुद्रावर जाऊन तळलेला मासा खायची. अन् ती म्हणाली, लहानपणी बापाबरोबर गाढवं हाकताना सिंहपंजाचं लाल फूल पाहिलं होतं, इथेच, काळ्या खडकाच्या वळणावर. तू म्हणालास, आई, ते फूल तुझ्या स्वप्नातलं. हसलात सगळे. तुझा बापही असाच हसायचा — पाऊस पडून वाळवंट फुललं की ही बिचारी शोधायची, जांभळी-पिवळी फुलं कोसच्या कोस, पण ते लाल एक कधी दिसलं नाही.

मीच म्हटलं, थांबव, मला मोकळं व्हायचंय. माझ्या वयाच्या बाईला नाही कोण म्हणणार? उतरलो, अन् खडकाआड, काट्याच्या झुडपाखाली — मुठीएवढा लालभडक गुच्छ. नोल्फा गुडघ्यांवर बसली. हात नाही लावला. भोवती दगड मांडले, कोणाचा पाय पडू नये म्हणून, बापाने शिकवलं होतं तसे. जागा अचूक आठवली की नाही तिला? वळण तिचं, खडक तिचा — मी नुसतं थांब म्हटलं, कारण त्याआधी बुधवारी पाववाल्याच्या गाडीतून चार वळणं पालथी घातली तेव्हा कुठे मला ते फूल —

असं बघू नकोस.

बरं, वळण चुकलं तिचं. फूल पुढच्या वळणावर होतं, एकच वळण. तुला तुझ्या पहिलीच्या बाईंचं नाव आठवतं? नाही ना. मग तुला कोणी कुठे नेतंय का? आणि ते दगड — दगड मी नव्हते सांगितले, उलिसेस. ते तिचे होते. हो, मी तिची चूक झाकली. पुढेही झाकेन. रोज तिचा गॅस बंद आहे ना बघून येते मी, त्यात काय बिघडलं? पलीकडून आवाज यायचे थांबले तर मी काय भिंतीला कान लावून माझाच श्वास ऐकू?

थांब. किटलीची शिट्टी वाजतेय, ऐकतोयस?

बंद झाली. तिनेच केली, मी तर इथे उभी आहे.

जा, चहा गार होईल.