दोरी धरा, भगवानराव

—अहो नाई, भगवानराव, त्या बाजेवर नका टेकू, तिथं लाखेचे तुकडे सांडले हायेत, धोतराले चिकटतीन. इकडं या, सावलीत. तुमी उद्या येणार होते ना? आमी उद्याच्या हिशोबानं — असू द्या, आले ते बरं झालं, घर तुमचंच हाये. पोरीच्या सासऱ्यानं कवाही यावं. होणाऱ्या सासऱ्यानं, हो हो, बोलणी अजून पुरी नाई झाली, माझी जीभच घाई करते. पद्मिनी? ती... देवळात गेली, मारुतीच्या. येईन. तिची माय चहा टाकून राह्यली. आन हे? हे काई नाई, खराद हाये, लाकूड कातायचा. शेजारच्या तुळजाबाईच्या मालकाचा. ते वारले तवापासून पडून होता, मी म्हटलं आणा आपल्या आंगणात. शौक, दुसरं काय! कचेरीतला माणूस, सुट्टीच्या दिवशी हाताले काई पाह्यजे ना. टाक करतो. लाकडाची दांडी कातायची, मंग पुढं निब बसवायची, झाला टाक.

पाहा ना, हातात घ्या. गुळगुळीत हाये का नाई? ती लाल पट्टी लाखेची. काय? तुमच्या खिशात बी असाच? दाखवा... असाच हाये हो. राजुऱ्याच्या बाजारात घेतला? पाहा, राजुरा तिकडं मुंबई राज्यात गेलं, आमचं वांकिडी इकडं आंध्रात राह्यलं, पण टाकाले कोण इचारते बाबा तू कोणत्या राज्याचा! मीच केला तो. मीच. दुसरं कोण करन?

करून दाखवू? आत्ता? म्हंजे... दोरी ओढाले कोणी नाई ना. एकट्याचं काम नाई हे, एकानं दोरी ओढायची, एकानं पटाशी लावायची. तुमी ओढता? अहो, तुमी पाहुणे — बरं, बसा मंग समोर, आता तुमची मर्जी. दोरी धरा, दोन्ही टोकं. लाकडाले तिचा वेढा हाये. उजवं टोक ओढलं का लाकूड माझ्याकडं फिरते, डावं ओढलं का उलटं जाते. माझ्याकडं येते तवाच पटाशी टेकवायची, उलटं जाते तवा उचलायची. चुकलं का बसला झटका. हा, असं. दमानं. ओढा — उचलली — ओढा — उचलली. कचेरी? चालू हाये ना कचेरी. मी रजेवर हाव. लंबी रजा, तब्येतीपायी. ओढा — उचलली — ओढा — अरे! गेलं. तुटलं पाहा कटकन.

काऊन तुटलं सांगतो. तुमचा दोष नाई, माझ्या हाताचा हाये. दांडी डाव्या अंगाले जाड, जिथं निब बसते, आन उजव्या अंगाले बारीक होत जाते. पटाशी जाडाकडून बारीकाकडं न्यायची, तवा लाकूड मऊ सुटते. उलटी नेली का रेषा उभ्या राह्यतात अन पटाशी अडकते. आन माझा हात सारी उमर उर्दू लिहिण्यात गेला — मिसली, अर्ज्या, हुकूम, सारं उजवीकडून डावीकडं! पटाशी हातात आली का हात आपोआप तिकडंच पळते, बारीकाकडून जाडाकडं. पदू रोज वरडते, 'बाबा, आता तरी कचेरी सोडा, जाडाकडून या!'

म्हंजे... ती पाहते ना उभी राहून. पोरीची नजर तेज असते. काय? 'कचेरी सोडा' म्हंजे तसं नाई, गमतीनं — असं नका पाहू हो माझ्याकडं. रजा नाई, भगवानराव. खोटं बोललो. राज्य बदललं, तं कचेरीतून उर्दूचं दफ्तर उठलं. नवे साहेब आले, पयल्याच दिवशी इचारलं, 'तेलुगु वच्चुना?' तेलुगू येते का म्हणे. येते म्हटलं, बाजारात वांग्याचा भाव इचारण्यापुरती. तं बसवलं घरी. ज्या अक्षराची जुने तहसीलदार तारीफ करत, ते आता त्या कचेरीत कोणाले वाचता येत नाई.

दाराकडं काय पाहून राह्यले? बांगड्या वाजल्या? तिची माय असन. नाई... राहू द्या, किती लपवू. पदू देवळात नाई गेली, आत हाये. आन टाक तीच करते, सारे. तुमच्या खिशातला बी. लहानपणी तुळजाबाईच्या मालकाची दोरी ओढाले बसायची, ओढता ओढता पाहून शिकली. ते वारले, तं पटाशी हिनं उचलली. आता चूल तिच्या हातावर पेटते, आन मी तिचा शिकाऊ. दांडी तुटली का बोलणी खातो अन पुन्हा दोरीवर बसतो. गेल्या खेपेले तुमच्या घरच्यांनी तिचा हात हातात घेतला, हे घट्टे कायचे म्हून इचारलं, तं आमी म्हटलं जात्याचे. जात्याचे नाईत.

काय म्हंता? लग्न झाल्यावर हे बंद? हो, हो हो, बंद करन की! तुमच्या सुनेनं कातारकाम करावं, चार लोकांत बरं नाई दिसत, समजते मले. गुणाची हाये, नाई म्हणणार नाई. पटाशी तुळजाबाईले वापस देऊन टाकू, उद्याच. मले लय भेव वाटून राह्यलं होतं, का तुमी आयकून उठून जासान. नाई उठले. मोठ्या मनाचे हाये तुमी, लय मोठ्या —

पदू? तू कवाची उभी हाये दारात? अशी काऊन पाहून राह्यली? मी काई... मी तुझ्या भल्यासाठीच...

दोरी सोडा, भगवानराव. नाई, सोडा म्हंतो ना. मले कचेरीनं एका सकाळी सांगतलं, तुह्या हाताचं काम सरलं आता. त्या दिवशी मी तोंडावर पांघरूण घेऊन रडलो. आन आज पोरीले मी तेच सांगून राह्यलो, वरून हासून. लाज वाटते मले. नाई व्हायचं ते बंद. पदू तुमच्या घरी येईन तं खराद घेऊन येईन, नाई तं इथंच राह्यन.

चहा तरी... नाई? बरं. मोटार फाट्यावर उभी राह्यते, अजून भेटन. आन खिशातला टाक राहू द्या. घरी जाऊन नकार लिहासान तं त्यानंच लिहा, चांगला चालते तो. — ये पदू, बैस. दोरी धरली मी. लाव पटाशी.